अमेरिकेतील संघीय महामार्ग निधीची दायित्व-मर्यादा आणि राज्यांमधील वाटप : एक चिकित्सा

प्रस्तावना

संघराज्यीय वित्तव्यवस्थेच्या अभ्यासात वाटपाच्या सूत्राला मध्यवर्ती स्थान दिले जाते. लोकसंख्येला किती भार, क्षेत्रफळाला किती, रस्त्यांच्या लांबीला किती, या प्रश्नांभोवतीच बहुतेक चर्चा फिरत राहते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग कार्यक्रमाबाबतही हेच घडले आहे. सूत्रानुसार राज्याच्या नावावर जमा झालेला निधी आणि राज्याला एका आर्थिक वर्षात प्रत्यक्ष वापरता येणारा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या दोहोंमध्ये ‘ऑब्लिगेशन लिमिटेशन’ नावाची एक वार्षिक कमाल मर्यादा उभी असते. प्रस्तुत लेखात तिला ‘दायित्व-मर्यादा’ म्हटले आहे. ही मर्यादा केवळ हिशेबाची बाब आहे आणि ती सर्व राज्यांना सारख्याच प्रमाणात लागू होते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत टिकते, याची तपासणी येथे करावयाची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९१६ च्या संघीय रस्ते साहाय्य कायद्याने राज्यांना रस्त्यांसाठी नियमित अनुदान देण्यास प्रारंभ केला. त्या कायद्याचे सूत्र सुबोध होते : एक तृतीयांश भार क्षेत्रफळाला, एक तृतीयांश लोकसंख्येला आणि एक तृतीयांश टपालमार्गांच्या लांबीला. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यासाठी नवे कायदे झाले आणि इंधनावरील कराचे उत्पन्न ज्यात जमा व्हावे असा महामार्ग न्यासनिधी स्थापन झाला. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च द्यावा, हे त्यामागील तत्त्व होय. हे तत्त्व भारतीय अभ्यासकांना अपरिचित नाही. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पेट्रोलवरील अतिरिक्त करातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस अमेरिकेच्या न्यासनिधीच्या सुमारे तीन दशके आधी केली होती, आणि तीनुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वातही आला होता.

अमेरिकेच्या व्यवस्थेचे वेगळेपण ‘करार-अधिकार’ या संकल्पनेत आहे. सामान्य शासकीय खर्चासाठी आधी अधिकृती देणारा कायदा आणि नंतर दरवर्षीचा विनियोजन कायदा असे दोन टप्पे लागतात. महामार्गांच्या बाबतीत बहुवार्षिक अधिकृती कायदाच राज्यांना दायित्व स्वीकारण्याचा अधिकार देतो; विनियोजनाची वाट पाहावी लागत नाही. राज्य स्वतःचा पैसा आधी खर्च करते आणि नंतर संघशासन आपल्या हिश्शाची प्रतिपूर्ती करते. हा हिस्सा सर्वसाधारणपणे ८० टक्के आणि आंतरराज्य महामार्गांसाठी ९० टक्के असतो. रस्त्याचे काम अनेक वर्षे चालते, म्हणून निधीविषयी राज्याला आगाऊ खात्री हवी, हा या रचनेचा हेतू होता.

ही खात्री पहिल्यांदा डळमळली ती कार्यकारी सत्तेच्या हातून. १९६६ मध्ये जॉन्सन प्रशासनाने चलनवाढ रोखण्यासाठी महामार्गांचा निधी अडवून ठेवला. निक्सन प्रशासनाने हाच मार्ग अधिक सढळपणे चोखाळला, तेव्हा मिसुरी राज्याच्या महामार्ग आयोगाने परिवहन सचिव व्होल्पे यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. चलनवाढ रोखणे हा महामार्ग कायद्याचा हेतू नसल्याने त्या कारणास्तव निधी अडवता येणार नाही, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने निधी अडवण्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारावर कायद्याने बंधने घातली. येथवरची कथा विधिमंडळाच्या विजयाची आहे आणि ती तशीच सांगितली जाते. परंतु राष्ट्राध्यक्षांच्या हातून काढून घेतलेले हत्यार मोडीत काढले गेले नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काँग्रेसनेच विनियोजन कायद्यांतून दरवर्षी दायित्व-मर्यादा घालण्यास सुरुवात केली. राज्यांच्या दृष्टीने अडवणारा बदलला, अडवणूक राहिली; फक्त तिला आता कायद्याचे अधिष्ठान लाभले.

मर्यादेची विभागणी

या मर्यादेचे आकारमान लहान नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने २०२२ या संघीय आर्थिक वर्षासाठी सुमारे ५७.५ अब्ज डॉलर आणि २०२६ साठी सुमारे ६२.७ अब्ज डॉलर अशी मर्यादा आखून दिली. तिच्या विभागणीचा क्रम कायद्यानेच ठरवला आहे. प्रथम प्रशासकीय खर्च आणि संघशासन स्वतः वाटप करते अशा कार्यक्रमांच्या मागील वर्षांतील शिलकीसाठीची रक्कम पूर्णपणे बाजूला काढली जाते. त्यानंतर उरलेली मर्यादा आणि उरलेला करार-अधिकार यांचे गुणोत्तर काढून ते संघशासनाच्या कार्यक्रमांना लावतात. त्यातून जे शिल्लक राहते ते राज्यांना त्यांच्या सूत्रनिष्ठ हिश्शांच्या प्रमाणात मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. एकूण करार-अधिकार १०० आणि मर्यादा ९० आहे असे समजू. कपात दहा टक्के दिसते. परंतु प्रशासनाचे ५ प्रथम पूर्णतः वजा होतात. मग ९५ च्या समोर ८५ उरतात आणि गुणोत्तर सुमारे ८९.५ टक्क्यांवर येते. मागील वर्षांच्या शिलकीसाठी मर्यादा वजा केली म्हणजे ते आणखी घसरते. पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात काय पडते ते आधीच्या पानांवर अवलंबून असते. येथे राज्यांचे पान शेवटचे आहे.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. संघशासनाच्या कार्यक्रमांना मर्यादेअभावी जो करार-अधिकार वापरता येत नाही, तो छाटून राज्यांना वाटला जातो. मात्र त्यासोबत मर्यादा दिली जात नाही. म्हणजे राज्याच्या खात्यावर अधिकार वाढतो, वापरण्याची मुभा वाढत नाही. कागदोपत्री श्रीमंती आणि व्यवहारात चणचण, अशी ही अवस्था होय.

मर्यादेतून काही निधी वगळलेलाही असतो. आपत्कालीन दुरुस्तीसाठीचे १० कोटी डॉलर वगळणे समजण्याजोगे आहे. याशिवाय दरवर्षी ६३ कोटी ९० लाख डॉलर वगळले जातात. हा आकडा १९९८ च्या कायद्यात ‘किमान हमी’ कार्यक्रमासाठी आला. २००५ मध्ये त्या कार्यक्रमाच्या जागी ‘समन्याय अधिदान’ आले, तेव्हा आकडा त्याकडे गेला. २०१२ मध्ये तेही संपुष्टात आले, तेव्हा तोच आकडा राष्ट्रीय महामार्गांच्या मुख्य कार्यक्रमाला चिकटवण्यात आला. ज्या कारणासाठी तो जन्मला ते कारण दोनदा नाहीसे झाले, तरी आकडा एका डॉलरनेही हलला नाही. विधिमंडळीय तडजोडी कायद्यात कशा अश्मीभूत होतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

प्रमाणशीरता आणि न्याय

मर्यादा सर्व राज्यांच्या हिश्शांना एकाच गुणोत्तराने लागू होते, म्हणून ती निःपक्षपाती आहे, हा तिच्या समर्थकांचा प्रमुख युक्तिवाद. तो अंकगणिताच्या पातळीवर बिनचूक आहे. परंतु प्रमाणशीर कपात मूळ हिश्शांइतकीच न्याय्य असू शकते, त्याहून अधिक नव्हे. तेव्हा प्रश्न मूळ हिश्शांकडे वळतो.

या हिश्शांवर ‘दाती’ आणि ‘घेती’ राज्ये या वादाची गडद छाया आहे. टेक्साससारखी राज्ये इंधनकरातून जितका भरणा करतात त्याहून कमी परत मिळवतात, तर अलास्कासारख्या विस्तीर्ण व विरळ राज्याला भरण्याच्या अनेकपट मिळते, ही तक्रार जुनी आहे. तिला उत्तर म्हणून १९८२ च्या कायद्याने किमान ८५ टक्के परतावा ठरवला, १९९८ च्या कायद्याने तो ९०.५ टक्क्यांवर नेला आणि २००५ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने ९२ टक्क्यांवर. प्रत्येक वाढीबरोबर रस्त्यांची गरज मोजणारे घटक मागे पडत गेले आणि भरणा-परताव्याचा ताळेबंद पुढे आला. २०१२ मध्ये तर सूत्रच गुंडाळले गेले : प्रत्येक राज्याला आधीच्या वर्षी मिळालेल्या हिश्शाइतका हिस्सा, असे ठरले. २०१५ आणि २०२१ च्या कायद्यांनीही हाच कित्ता गिरवला. २००५ च्या कायद्याखाली समन्याय अधिदानाची गणना करताना लोकप्रतिनिधींनी नेमून घेतलेल्या प्रकल्पांच्या रकमाही धरल्या जात. त्या काळच्या राजकीय वजनाचा ठसा अशा रीतीने पुढच्या काळातील हिश्शांत उतरला. ज्या राज्यांची लोकसंख्या दरम्यानच्या काळात झपाट्याने वाढली किंवा ज्यांचे पूल जीर्ण झाले, त्यांच्यासाठी या व्यवस्थेत जागा नाही.

विशेष म्हणजे या वादाचा आर्थिक आधारही ढासळलेला आहे. पेट्रोलवरील प्रतिगॅलन १८.४ सेंट हा संघीय कर १९९३ मध्ये ठरला आणि पुढील तीन दशके बदलला नाही. २००८ मध्ये न्यासनिधीला सर्वसाधारण निधीतून ८ अब्ज डॉलरचा टेकू द्यावा लागला. २०२१ च्या कायद्याने एकाच वेळी ११८ अब्ज डॉलर हस्तांतरित केले. संघीय लेखाउत्तरदायित्व कार्यालयाने २०११ मध्ये दाखवून दिले की २००५ ते २००९ या काळात प्रत्येक राज्याला त्याने महामार्ग खात्यात भरलेल्या रकमेहून अधिक मिळाले होते. म्हणजे डॉलरच्या हिशेबात दाते राज्य उरलेच नव्हते. सापेक्ष हिश्शाच्या हिशेबात मात्र ते होते. तरीही किमान परताव्याची हमी कायद्यात राहिली, नव्हे, ९५ टक्क्यांवर गेली. न्यासनिधी जर सर्वसामान्य करदात्याच्या पैशावर चालत असेल, तर इंधनकराचा भरणा हा न्यायाचा निकष कशाच्या आधारावर मानायचा, या प्रश्नाला उत्तर देण्याचे काँग्रेसने टाळले आहे.

राज्यांतर्गत परिणाम

दायित्व-मर्यादेचा सर्वांत दूरगामी परिणाम राज्यांच्या सीमांच्या आत घडतो. करार-अधिकार पूल, सुरक्षा, हवेची गुणवत्ता, पर्यायी वाहतूक अशा शीर्षांखाली विभागून येतो. मर्यादा मात्र बहुतांशी एकगठ्ठा येते. कोणत्या शीर्षाखालील अधिकार वापरायचा आणि कोणता पडून ठेवायचा, हे राज्याचा परिवहन विभाग ठरवतो. काँग्रेसने अग्रक्रम ठरवून दिले, हे विधान त्यामुळे अर्धेच सत्य ठरते. राज्याने दोन लाखांहून अधिक वस्तीच्या नागरी क्षेत्रांना काही वर्षांच्या कालावधीत प्रमाणशीर मर्यादा उपलब्ध करून द्यावी, अशी तरतूद कायद्यात करावी लागली, यावरूनच महानगरांची धास्ती निराधार नव्हती हे दिसते. लहान गावांना मात्र असे संरक्षण लाभलेले नाही.

पडून राहिलेला अधिकार पुढे संकटाचे कारण ठरतो. अर्थसंकल्पीय बचत दाखवायची झाली की काँग्रेसचे लक्ष या शिलकीकडे जाते. ३० सप्टेंबर २००९ रोजी अशा सुमारे ८.७ अब्ज डॉलरचा अधिकार रद्द करण्यात आला. पुढील मार्चमध्ये तो परत देण्यात आला. २०१५ च्या कायद्याने जुलै २०२० साठी योजलेले सुमारे ७.६ अब्ज डॉलरचे रद्दीकरण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. आधी मर्यादा घालून अधिकार वापरू द्यायचा नाही आणि मग तो वापरला नाही म्हणून काढून घ्यायचा, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. अशा रद्दीकरणांत राज्यांनी हवेची गुणवत्ता आणि सायकल-पदपथ यांसारख्या शीर्षांवर त्यांच्या वाट्याहून कितीतरी अधिक भार टाकला, ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. पायी चालणाऱ्याचा बळी कोणत्याही सभागृहात मतदान न होता दिला गेला.

ऑगस्टमधील फेरवाटप

सूत्रानुसार आलेला निधी त्या वर्षासह चार वर्षे टिकतो. मर्यादा मात्र सर्वसाधारणतः ३० सप्टेंबरला संपते. ती वाया जाऊ नये म्हणून १ ऑगस्टनंतर फेरवाटप होते : जे राज्य वा जो कार्यक्रम आपली मर्यादा वापरू शकणार नाही त्याच्याकडून ती काढून, वापरू शकणाऱ्या राज्यांना दिली जाते, आणि ज्यांच्याकडे न वापरलेली शिल्लक मोठी आहे त्यांना त्यात प्राधान्य असते. ही तरतूद मुळात शहाणपणाची आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु अपवाद म्हणून योजलेली वाट आता राजमार्ग झाली आहे. संघशासनाच्या कर्जसाहाय्य व स्पर्धात्मक अनुदान कार्यक्रमांकडे अडकून पडलेली मर्यादा वाढत गेली, तशी फेरवाटपाची रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७.९ आणि २०२४ मध्ये सुमारे ८.७ अब्ज डॉलरवर पोहोचली. वार्षिक मर्यादेचा सातवा हिस्सा वर्षाच्या अखेरच्या महिन्यात हाती यावा, याला नियोजन म्हणता येणार नाही.

अशा उशिरा आलेल्या मर्यादेचा लाभ कोणाला होतो? ज्या राज्याकडे आराखडे, पर्यावरणविषयक मंजुरी आणि स्वतःचा २० टक्के हिस्सा तयार आहे त्याला. सधन राज्ये स्वतःच्या पैशाने कामे आगाऊ सुरू करतात आणि ऑगस्टमध्ये मर्यादा हाती येताच ती कामे संघीय खात्यात वर्ग करतात. ज्या राज्याची तिजोरी तशी भरलेली नाही, त्याला चार आठवड्यांत नवे काम उभे करता येत नाही. तेथे प्रशासकीय सज्जता हाच वाटपाचा अलिखित निकष होऊन बसतो, आणि ती सज्जता पैशावाचून येत नाही.

वर्षाच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट अडचण असते. १ ऑक्टोबरला विनियोजन कायदे संमत झालेले नसतात आणि हंगामी ठरावांद्वारे मर्यादा काही आठवड्यांपुरती, तुकड्यातुकड्यांनी मिळते. मिनेसोटा किंवा मोंटाना येथे जमीन गोठलेली असते तेव्हा निविदा काढून ठेवाव्या लागतात, म्हणजे वसंत ऋतूत काम सुरू होते. नेमक्या त्या महिन्यांत मोठ्या पुलाचे पूर्ण दायित्व स्वीकारण्याइतकी मर्यादा हाती नसते. मग लहान डांबरीकरणाची कामे पुढे सरकतात, पूल थांबतो, आणि त्या राज्याच्या हिश्शाचा आकडा वार्षिक तक्त्यात जसाच्या तसा छापला जातो.