गोधडी भिंतीवर टांगताना

2011च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत 651 क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, छताला टांगल्या होत्या. सगळ्या लाल-पांढऱ्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. जोआना रोज यांचा हा संग्रह अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने सहाच दिवस, फुकट दाखवला. रंग दोनच असल्यामुळे नजर सरळ नक्षीवर जाते. चांदण्या, चौकटी, चक्रव्यूह हॉलच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतात. लाल-पांढऱ्याच्या आवडीमागे रंगाचं तंत्रही आहे. ‘टर्की रेड’ हा पक्का लाल धुतल्यावर पांढऱ्यावर उतरत नसे. स्कॉटलंडमध्ये या रंगाने रंगवलेलं कापड एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारातही येत असे.

आपल्या गोधडीला, किंवा कोल्हापूरकडच्या वाकळीला, दोनच रंगांची ही चैन परवडली नाही. विरलेलं नववारी, धोतर, पोरांचे सदरे, जे निघेल ते थरांत गेलं. म्हणून ती दुरून गबाळी दिसते आणि प्रदर्शनात मार खाते. पण मुंबईत घाटकोपरच्या भटवाडीत किंवा असल्फ्याच्या चढावर कठड्यावर वाळत घातलेली एखादी जुनी गोधडी हातभर अंतरावरून बघा. गडद लुगड्यावर पांढरा धावदोरा कडेकडेने फिरत, चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जातो. जिथे थर जाड, तिथे टाका लांबतो. काठाशी आला की पुन्हा बारीक होतो. गोधडीतला दुसरा रंग हा दोऱ्याचा आहे. तिचं रेखाटन तिथे आहे, ठिगळांत नाही.

सध्याच्या मांडणीत नेमकं हेच हरवतं. हस्तकला मेळ्यांत गोधडी म्हणून जे विकलं जातं, त्यात बरंचसं नवं छापील कापड आणि मशीनची शिलाई असते. मशीनला माझी हरकत नाही. पण तिची सरळ, एकसारखी रेघ हाताचा निर्णय दाखवत नाही. आणि खरी गोधडी मिळालीच, तर ती चित्रासारखी भिंतीला चिकटवतात. पाठ झाकली जाते, समोरच्या दिव्यात टाक्यांचा उंचसखलपणा हरवतो.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971मध्ये क्विल्ट अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या, तेव्हा त्यांना कलेचा मान मिळाला. शिवणाऱ्या मात्र बहुतेक निनावीच राहिल्या. 2002मध्ये तिथेच अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट त्यांच्या नावांनिशी लागल्या. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. मराठी समीक्षेने मात्र हा विषय माजघरातच ठेवला.

गोधडीचं प्रदर्शन मोठ्या संग्रहालयावाचून अडत नाही. घाटकोपरमधलं एखादं मंडळ सभागृह घेऊन घरोघरच्या गोधड्या दोरीवर, दोन्ही बाजू दिसतील अशा मांडू शकेल. उजेड बाजूने हवा, आणि हात लावायची मुभा. शेजारी शिवणारीचं नाव आणि गाव लिहायलाच हवं. कारण दोनरंगी क्विल्टकडून शिकायचं ते लाल-पांढऱ्याचं अनुकरण नव्हे. वस्तूचं बळ कशात आहे ते ओळखून तिची मांडणी ठरवणं, हे शिकायचं आहे.