माची कोरो : फाशांच्या शहरातले गणित

शाळेत संभाव्यता शिकवली जाते ती बहुधा फाशांच्या उदाहरणांनी. 'दोन फासे टाकले असता बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती?' उत्तर १/६ असे लिहिले की गुण मिळतात आणि विषय संपतो. ७ आले काय किंवा १२ आले काय, विद्यार्थ्याचे त्यावाचून काही अडलेले नसते. या उत्तरावर ज्यात खरोखरच काही अवलंबून असते, अशा एका खेळाचा परिचय आणि परीक्षण येथे करीत आहोत.

'माची कोरो' हा जपानी खेळ मासाओ सुगानुमा यांनी रचला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. 'माची' म्हणजे गाव किंवा शहर आणि 'साइकोरो' म्हणजे फासा. दोन ते चार जणांना तो सुमारे अर्ध्या तासात खेळता येतो. २०१५ मध्ये जर्मनीतील 'श्पील देस यारेस' या मानाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले होते.

सुरुवातीला प्रत्येकाजवळ गव्हाचे शेत, बेकरी आणि ३ नाणी असतात. आपली पाळी आली की फासा टाकायचा, पडलेल्या दानाप्रमाणे उत्पन्न घ्यायचे आणि हवे तर एक नवी इमारत विकत घ्यायची. प्रत्येक पत्त्यावर एक-दोन आकडे छापलेले असतात. तो आकडा पडला तरच त्या पत्त्याचे उत्पन्न मिळते. निळ्या पत्त्यांना कोणाच्याही दानावर उत्पन्न मिळते, हिरव्यांना फक्त मालकाच्या दानावर, तर लाल पत्ते दान टाकणाऱ्याकडूनच पैसे घेतात. जांभळे पत्ते मोठ्या संस्थांचे. रेल्वे स्टेशन (४ नाणी), मॉल (१०), करमणूक उद्यान (१६) आणि रेडिओ मनोरा (२२) या चारही वास्तू जो प्रथम उभारील तो जिंकतो.

सापशिडीत दान पडते आणि सोंगटी हलते. खेळणाऱ्याला निवड नसते. येथे दान आपल्या हाती नसले तरी कोणत्या दानावर पैसे लावायचे हे आपण ठरवतो. आपल्याकडच्या 'व्यापार' या खेळात दिवाळे निघालेले मूल उरलेला वेळ नुसते बसून राहते. येथे कोणी बाद होत नाही, कर्जही होत नाही. दुसऱ्याच्या पाळीतही आपले उत्पन्न येऊ शकते, म्हणून सर्वांचे लक्ष पटावर राहते. घरातल्या लहानथोरांनी एकत्र खेळावे असा हा खेळ आहे, हे निःसंशय.

आता गणित. गव्हाच्या शेताची किंमत १ नाणे. १ पडले की १ नाणे मिळते. कोपऱ्यावरच्या दुकानाची किंमत २ नाणी. स्वतःच्या पाळीत ४ पडले की ३ नाणी मिळतात. कोणते घ्यावे? दोघेच खेळत असतील तर एका फेरीत शेताचे सरासरी उत्पन्न २/६, म्हणजे ०.३३ नाणे, आणि दुकानाचे ३/६, म्हणजे ०.५. चौघे असतील तर शेत निळे असल्यामुळे चारही दानांवर मिळवते : ४/६, म्हणजे ०.६७. दुकान मात्र ०.५ वरच राहते. खेळाडूंची संख्या बदलली की योग्य उत्तर बदलते. पाठ्यपुस्तकातील किती उदाहरणांत असे घडते?

याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. स्टेशन बांधले की एकाऐवजी दोन फासे टाकण्याची मुभा मिळते. दोन फाशांची बेरीज १ कधीच येत नाही. म्हणजे शेजाऱ्यांनी स्टेशने बांधून दोन फासे टाकायला सुरुवात केली की त्यांच्या दानांवर मिळणारे आपल्या शेताचे उत्पन्न शून्यावर येते. चौघांपैकी तिघांनी असे केले तर ०.६७ चे १/६ होते, म्हणजे ०.१७. आपण काहीही चूक केलेली नसते. एकाचे उत्पन्न दुसऱ्याच्या निर्णयावर कसे अवलंबून असते, हे दाखवणारे इतके साधे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दोष दोन. पहिला रचनेतला. मूळ खेळात सर्व प्रकारचे पत्ते सुरुवातीपासून खुले असतात. त्यामुळे एखाद्याने कोपऱ्यावरची सहाही दुकाने घेऊन एकच फासा टाकत राहिल्यास त्याला दर पाळीला सरासरी ३ नाणी मिळतात. ही युक्ती एकदा कळली की मुले तीच पुन्हा पुन्हा करतात आणि विचार थांबतो. बंदराच्या पुरवणी संचात एका वेळी दहाच प्रकारचे पत्ते मांडण्याचा नियम आला, तो याच दोषावर उतारा आहे. शिवाय या शहरात पाणी, कचरा, कर यांपैकी काहीच नाही. शहर कसे चालते हे शिकवण्यासाठी हा खेळ वापरू नये.

दुसरा दोष अधिक गंभीर, आणि तो केवळ खेळाचा नाही. वरील सहा दुकानांच्या मालकाला सलग १० पाळ्यांत एकदाही ४ न पडण्याची संभाव्यता (५/६)^१०, म्हणजे सुमारे १६ टक्के. तो हरेल, आणि भलत्याच पत्त्यांवर पैसे लावणारा जिंकेल. खेळ कोण जिंकले एवढेच सांगतो. निर्णय बरोबर होता की नाही हे सांगत नाही. मुले मात्र निकालावरूनच निर्णयाची पारख करतात : जिंकला तो हुशार, हरला तो ढ किंवा कमनशिबी. हीच सवय पुढे परीक्षेत, शेतीत, औषधोपचारात माणसाची दिशाभूल करते. संभाव्यता शिकवायची ती मुख्यतः ही सवय मोडण्यासाठी.

म्हणून आमची सूचना अशी की, पत्ता घेण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत कारण लिहावे आणि डाव संपल्यावर चर्चा विजेत्याची न होता त्या कारणांची व्हावी. खेळ विकत घेणे प्रत्येक शाळेला परवडणार नाही. तरी दोन फासे पुरतात. वर्गातील ४० मुलांनी प्रत्येकी १८ वेळा फासे टाकले तर ७२० दाने होतात. त्यांत ७ सुमारे १२० वेळा यावे, बहुधा १०० ते १४० यांच्या दरम्यान. १२ मात्र २० च्या आसपास. एकट्या मुलाची १८ दाने भलतीच दिसतील, वर्गाची ७२० दिसणार नाहीत. हा फरक मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला की 'माची कोरो' खेळायला ती खऱ्या अर्थाने तयार झाली असे समजावे.