नावेतला तिसरा

गोंडोलात बसायची रचनाच अशी असते की जोडप्याला नावाडी दिसत नाही. ती दोघं पुढे तोंड करून गादीवर रेललेली असतात. तो त्यांच्या मागे, नावेच्या टोकाशी उभा राहून एकाच वल्ह्यानं ती अकरा मीटर लांबीची काळी नाव हाकत असतो. (नाव मुद्दाम वाकडी बांधतात. डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, म्हणून एका बाजूनं वल्हवूनही ती सरळ जाते.) त्यांना तो दिसत नाही, पण त्याला ती दोघं सतत दिसत असतात. व्हेनिसच्या 'फक्त आपण दोघं'वाल्या फोटोंत हा तिसरा असतोच, फक्त फ्रेमबाहेर. व्हेनिसला सुट्टीवर गेलेल्या जोडप्याची कुठलीही गोष्ट समोर आली की मी हल्ली आधी त्याला शोधते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं व्हेनिस सुरू होतं ते शक्ती सामंतांच्या 'द ग्रेट गॅम्बलर'पासून (१९७९). अमिताभ, झीनत अमान, गोंडोला आणि आर. डी. बर्मनचं 'दो लफ्जों की'. आई-बाबांच्या पिढीनं थिएटरात पाहिलेलं हे गाणं आपल्यापर्यंत तीस सेकंदांच्या तुकड्यांत पोचलं, आणि त्या तुकड्यांत नेमका नावाडी कापला जातो. खरं तर गाणं सुरू तोच करतो, इटालियनमध्ये, शरद कुमारच्या आवाजात. हा काय गातोय, असं ती विचारते. अमिताभ तिला अर्थ सांगतो, आणि मग आशा भोसले ते गाणं उचलतात ते उचलतातच. म्हणजे गाणं होतं नावाड्याचं, झालं त्या दोघांचं. मधे उभा राहिला दुभाषा, आणि त्यानं अर्थ बरोबर सांगितला की मनचा, हे तपासायची गरज कुणालाच वाटत नाही. तरी मला हे गाणं आवडतं. परदेशी माणूस म्हणजे मागचा पडदा, असं मानणाऱ्या सिनेमात निदान त्याचा आवाज तरी आहे. (नाहीतर व्हेनिसमध्ये पर्यटकांना हमखास ऐकवतात ते 'ओ सोले मियो' मुळात नेपल्सचं. केरळच्या हाउसबोटीवर भांगडा लावावा तसं.)

इयन मॅक्यूअनच्या 'द कम्फर्ट ऑफ स्ट्रेंजर्स' (१९८१) या कादंबरीत हाच तिसरा माणूस पुढे येतो आणि गोष्टीचा ताबा घेतो. शहराचं नाव एकदाही येत नाही, पण ओळखायला अडचण नाही. कॉलिन आणि मेरी, सात वर्षं एकत्र असलेलं इंग्रज जोडपं, निवांत सुट्टीवर आलंय. इथून पुढे स्पॉइलर आहेत.

या पुस्तकात मला सर्वांत खरी वाटते ती निवांतपणाची तपासणी. हॉटेलात रोज बाई येऊन खोली आवरते, म्हणून या दोघांची स्वतःचं आवरायची सवयच सुटते. दुपारी झोपायचं, संध्याकाळी बाल्कनीत बसून गांजा ओढायचा, जेवायला उशिरा बाहेर पडायचं. भांडण नाही, पण ओढही नाही. सुट्टीत माणूस स्वतःला भेटतो वगैरे आपण ऐकत असतो. मॅक्यूअन दाखवतो की इथे दोघंही स्वतःला हळूहळू हॉटेलच्या हवाली करतात. एका रात्री नकाशे खोलीत विसरून ती बाहेर पडतात, गल्ल्यांत हरवतात, आणि रॉबर्ट नावाचा माणूस त्यांना जेवायला घालतो म्हणून आपल्या बारमध्ये घेऊन जातो. तिथे जेवण नसतंच, असते फक्त दारू आणि रॉबर्टच्या लहानपणाची लांबलचक कहाणी. तरी ती दोघं बसून राहतात. नाही म्हणायला जी ताकद लागते, ती सुट्टीनं आधीच काढून घेतलेली असते.

पुढे रॉबर्टच्या घरी ती झोपलेली असताना त्याची बायको कॅरोलिन त्यांचे कपडे धुवायला नेते, आणि झोपेत आपण त्यांना बघून गेलो हेही सांगून टाकते. घरातल्या एका धूसर फोटोतला बाल्कनीतला माणूस कॉलिनच आहे, हे मेरीला काही दिवसांनी झोपेतून दचकून उठल्यावर कळतं. शहर बघायला आलेल्यांना कुणीतरी आधीपासून बघत होतं. पण त्याआधीचा तपशील मला जास्त अस्वस्थ करतो. रॉबर्टच्या घरून परतल्यावर या थंडावलेल्या जोडप्यात पुन्हा ओढ जागी होते, इतकी की काही दिवस ती हॉटेलबाहेर फारशी पडत नाहीत. सात वर्षांत विझलेलं काहीतरी परक्याच्या नजरेनं पेटवलं. आपण दोघांचा फोटो टाकतो आणि मग लाइक बघत बसतो, तेव्हा ती ऊब कुठून येते, हा प्रश्न मॅक्यूअननं फोनच्या कितीतरी आधी विचारून ठेवलाय.

पुस्तक निर्दोष मात्र नाही. रॉबर्टची क्रूरता त्याच्या बापाच्या धाकातून आली, हे इतक्या नीटनेटकेपणानं समजावलंय की माणूस उरत नाही, सिद्धांत उरतो. आणि शहरातला एकमेव ठळक यजमान विकृत निघावा, हाही जुनाच इंग्रजी संशय आहे. रॉबर्टचं लहानपण लंडनमध्ये गेलंय आणि बायको कॅनडाची आहे, एवढी पळवाट लेखकानं ठेवलीय, पण ती पुरत नाही.

पॉल श्रेडरच्या सिनेमानं (१९९०) घोटाळा वाढवला. पटकथा हॅरॉल्ड पिंटरची, रॉबर्टच्या भूमिकेत क्रिस्टोफर वॉकन, आणि कपडे जॉर्जिओ अरमानीचे. अडचण कपड्यांशीच आहे. पुस्तकातली घामेजलेली, तहानलेली, रस्त्यावर रात्र काढलेली दोघं इथे पर्यटन खात्याच्या पोस्टरसारखी देखणी दिसतात. पुस्तक वाचताना तिथे जायची भीती वाटते. सिनेमा बघताना तिकिटाचे दर बघावेसे वाटतात.

याच्या उलट उदाहरण 'डोन्ट लुक नाऊ'चं (१९७३). दाफ्ने द्यु मॉरियेच्या कथेत मुलगी गमावलेलं जोडपं व्हेनिसला सुट्टीवर आलेलं असतं. निकोलस रोगनं सिनेमा करताना नवऱ्याला काम दिलं. तो जुन्या चर्चची डागडुजी करतोय, आणि मोसम संपल्यामुळे हॉटेल बंद व्हायच्या बेतात आहे. एवढ्या एका बदलानं शहर जिवंत होतं. ओल, परांच्या, मजूर, कंटाळलेले पोलीस सगळे दिसू लागतात. संगीत देणारा पिनो डोनाजिओ त्याच परिसरातला, बुरानो बेटावर जन्मलेला, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. भीती इथेही आहे, पण ती शहराच्या अंगातून येते, आणून चिकटवलेली वाटत नाही.

शहरातली माणसं दिसणं-न दिसणं हा निव्वळ समीक्षेचा खेळ नाही. १९५१मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानानं खिडकीत उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखवणारा फलकच लावला. २०२४च्या एप्रिलपासून, ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शहर पाच युरो घेऊ लागलं. म्हणजे नाव आहे, गादी आहे, रेललेलं जोडपंही आहे. फक्त मागे उभं राहणारा माणूस रात्री झोपायला बहुधा पूल ओलांडून पलीकडच्या जमिनीवर जातो.

म्हणूनच मॅक्यूअनच्या कादंबरीतलं मला आवडणारं दृश्य खुनाचं नाही, अगदी सुरुवातीचं आहे. हॉटेलसमोर लोखंडी पडाव बांधलेले आहेत आणि कामगार त्यांचा गंज छिन्नी-हातोड्यानं खरवडतायत. त्या ठकठकीनं कॉलिन आणि मेरी रोज दुपारी जागी होतात. खिडकीच्या हिरव्या झडपा लावलेल्या असतात. थोड्या वेळानं आवाज थांबतो, आणि आज जेवायला कुठे जायचं यावर दोघांचं बोलणं सुरू होतं.