गडचिरोलीचे शोधनिबंध आणि उद्धरणांचे गणित : डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या प्रकाशित संशोधनाचा चिकित्सक विचार

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला, तेव्हापासून निबंधांची संख्या आणि नियतकालिकाचा प्रभाव गुणांक ही अध्यापकाच्या पदोन्नतीची भाषा झाली. उद्धरणे व एच-निर्देशांक हे शब्दही नॅकच्या अहवालांमुळे परिचयाचे झाले. या मोजमापांतून नेमके काय मोजले जाते, याची तपासणी एखाद्या ठोस उदाहरणावरच व्हावयास हवी. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात त्यासाठी डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या कार्याइतके उपयुक्त उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गडचिरोली जिल्ह्यात १९८६ च्या सुमारास ‘सर्च’ या संस्थेद्वारे सुरू झालेल्या या संशोधनाची कीर्ती प्रामुख्याने मोजक्या निबंधांवर उभी आहे.

त्यातील पहिला निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यात असे दाखवले गेले, की ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, या तत्कालीन समजाला या आकड्यांनी धक्का दिला. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याची जी व्यापक संकल्पना मान्य झाली, तिच्या पूर्वपीठिकेत या निबंधाचा उल्लेख होतो. प्रथम लेखिका राणी बंग आहेत. तरीही लोकमानसात ‘बंग’ म्हटले की अभय बंगच डोळ्यांपुढे येतात. या बाबतीत प्रथम लेखकाच्या नावाने नोंद करणारा जुना छापील उद्धरण निर्देशांक लोकस्मृतीपेक्षा न्यायी ठरतो, हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबर १९९९ चा निबंध अधिक महत्त्वाचा आणि अधिक वादविषयही. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, जंतुदोषाची लक्षणे ओळखली व जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने येथे तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. मात्र गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, हा या अभ्यासावरील रास्त आक्षेप आहे. पुढे बांगलादेशातील सिल्हेट येथील अभ्यासात (२००८) ही घट ३४ टक्के, तर पाकिस्तानातील हाला येथे शासकीय आरोग्यसेविकांमार्फत झालेल्या अभ्यासात (२०११) १५ टक्के आढळली. हे अभ्यास गडचिरोलीच्या निबंधाचा आधार घेतात आणि त्याच्या दाव्याला मर्यादाही घालतात. उद्धरणांच्या बेरजेत मात्र आधार आणि मर्यादा यांची किंमत एकच. एच-निर्देशांकाची अडचण त्याहून निराळी आहे. हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या निकषात निबंधाने एकदा उंबरठा ओलांडला, की पुढची शेकडो उद्धरणे निर्देशांकात भर घालत नाहीत. दोन-तीन निबंधांनी क्षेत्राची दिशा बदलणारा संशोधक आणि पुष्कळ मध्यम निबंध लिहिणारा संशोधक यांत हे माप दुसऱ्याला झुकते देते.

याहून गंभीर प्रश्न धोरणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही योजना देशभर नेली. बाळकुमसारख्या ठाणे शहराच्या भागातील अध्यापकाला गडचिरोली दूरची वाटेल. पण त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाचे वजन करावयास येणारी आशा या निबंधाचीच वारस आहे. वारसा मात्र अपुरा मिळाला. गावातल्या सेविकेने इंजेक्शन देणे हा मूळ प्रयोगाचा कणा होता, आणि तोच राष्ट्रीय योजनेतून वगळला गेला. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली, तीही आशेला नव्हे, एएनएमला. वैद्यकीय व्यवसायाचा संकोच यामागे असावा. कारण काहीही असो, निबंधाचा जयघोष आणि त्याच्या मुख्य सूचनेला बगल या दोन गोष्टी एकत्र नांदल्या. उद्धरणसंख्या यातली फक्त पहिली दाखवते.

काही कार्य तर मोजमापाच्या कक्षेतच येत नाही. रोजगार हमी योजनेतील मजुरीसाठी पागे समितीने केलेल्या उष्मांकांच्या हिशेबाची अभय बंग यांनी केलेली चिकित्सा गडचिरोलीपूर्वीची. तिने मजुरीवाढीच्या मागणीला शास्त्रीय बळ दिले. ‘कोवळी पानगळ’ हा २००१ चा मराठी अहवाल बालमृत्यूंच्या शासकीय आकड्यांनाच आव्हान देतो. त्यानंतर राज्य शासनाने बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली. एखाद्या शासनाला आपल्या आकडेवारीचा फेरविचार करावयास लावणारा हा मजकूर पदोन्नतीच्या अर्जात कोणत्या रकान्यात भरावा, याचे उत्तर २०१० च्या नियमावलीत नव्हते. आयोगाने २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी रद्द करून निवडीची जबाबदारी शैक्षणिक संस्थांवर सोपवली, तेव्हा हा प्रश्न महाविद्यालयांच्याच दारात येऊन ठेपला.