व्यवसायशिक्षणातील अनास्थेचा प्रश्न आणि माइक रोझ यांचे लेखन

व्यवसायशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याविषयी अध्यापकवर्गात एक तक्रार नेहमी ऐकू येते. कार्यशाळेत तो रमतो. परंतु गणिताचा, भाषेचा किंवा तांत्रिक सिद्धान्ताचा तास आला की त्याचे चित्त उडते. यावर सुचविले जाणारे उपाय बहुधा बाह्य स्वरूपाचे असतात : हजेरीची सक्ती, बक्षिसे, नोकरीचे आमिष, दृक्‌श्राव्य साधने. विद्यार्थ्याच्या ठिकाणी प्रेरणा नसते व ती बाहेरून पुरवावी लागते, हे या सर्व उपायांमागील गृहीत होय. अमेरिकन शिक्षणचिंतक माइक रोझ (१९४४–२०२१) यांच्या लेखनाचे महत्त्व असे की, ते या गृहीतावरच आघात करते.

‘लाइव्ह्ज ऑन द बाउंडरी’ (१९८९) हा ग्रंथ अंशतः आत्मचरित्रपर आहे. इटालियन स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेले रोझ लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात वाढले. माध्यमिक शाळेत प्रवेश घेताना त्यांच्या चाचणीचे गुण त्याच आडनावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गुणांशी बदलले गेले आणि त्यांची रवानगी व्यवसायशिक्षणाच्या तुकडीत झाली. चूक ध्यानात येईपर्यंत दोन वर्षे लोटली. मुलगा तोच होता. बदलली होती ती केवळ त्याच्यावरील चिठ्ठी. तरीही त्या काळात त्याचे मन अभ्यासातून उडाले. आपल्याला सामान्यच राहावयाचे आहे, असे उघडपणे सांगणाऱ्या एका सहाध्यायाचे उद्गार रोझ यांनी आळस म्हणून नोंदविलेले नाहीत. ज्या व्यवस्थेने आपणांस आधीच कमी लेखले, तिच्या कसोटीलाच नकार देऊन स्वतःचा मान राखण्याची ती धडपड होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनास्था हा स्वभावदोष नसून ती शिकलेली वर्तणूक आहे, हा या ग्रंथाचा पहिला सिद्धान्त.

दुसरा सिद्धान्त ‘द माइंड अ‍ॅट वर्क’ (२००४) या ग्रंथात आढळतो. येथे रोझ यांनी उपाहारगृहातील वाढपीण, केशभूषाकार, नळकाम करणारा, सुतार, वीजतंत्री, वेल्डर यांच्या कामाचे बारकाईने निरीक्षण केले आहे. वाढपीण असलेली त्यांची आई अनेक ग्राहकांच्या मागण्या टेबलांच्या जागांशी जोडून स्मरणात ठेवते आणि एकाच फेरीत अनेक कामे उरकते. केशभूषाकाराचे उदाहरण तर भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. ग्राहक आपली इच्छा संदिग्ध विशेषणांत सांगतो. कारागीर प्रश्न, हावभाव व स्पर्श यांच्या साहाय्याने त्या विशेषणांचा अर्थ निश्चित करीत जातो. स्मरण, नियोजन, अनुमान आणि अर्थनिर्णय या ज्या क्रियांना वर्गात बौद्धिक म्हणून मान मिळतो, त्याच येथे हाताच्या कामात वावरत असतात.

मग शाळेला त्या का दिसत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. १९१५ मध्ये डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्युई यांच्यात गाजलेला वाद झाला. व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था असावी, हे स्नेडन यांचे मत; अशा विभाजनाने शिक्षण विद्यमान उद्योगव्यवस्थेचे दास होईल, हा ड्युई यांचा आक्षेप. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवहारात पहिल्या मताची सरशी झाली. हात एका खोलीत आणि बुद्धी दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी एकदा संस्थेनेच केली की, बुद्धीच्या खोलीत विद्यार्थी परका ठरणे क्रमप्राप्तच होते.

रोझ यांची मांडणी मौलिक असली तरी तिच्यात एक उणीव राहते. त्यांची शब्दचित्रे मुख्यतः कुशल कारागिरांची आणि निष्ठावान शिक्षकांची आहेत. हातातील ज्ञान असते, हे त्यांतून निःसंशय सिद्ध होते. परंतु ते शब्दांत, आणि पुढे लेखनात, कसे उतरवावे याची पद्धती त्यांतून पुरेशी स्पष्ट होत नाही. कौशल्याचा गौरव म्हणजे अध्यापन नव्हे. परीक्षेत उत्तर लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला, तू बुद्धिमान आहेस, एवढे सांगून त्याची अडचण दूर होत नाही.

ही उणीव भरून काढण्यास दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, मिना शॉनेसी यांचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) हा ग्रंथ. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये सर्वांना प्रवेश खुला केल्यानंतर आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध तपासून त्यांनी दाखविले की, विद्यार्थ्यांच्या चुकांनाही अंतर्गत नियम असतो. तो नियम शोधणे हे शिक्षकाचे कार्य होय. दुसरी, वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक व तांत्रिक महाविद्यालयांनी २००४ च्या सुमारास आरंभिलेला आय-बेस्ट हा उपक्रम. त्यात व्यवसायाचा शिक्षक आणि भाषा-गणिताचा शिक्षक किमान निम्मा वेळ एकाच वर्गात एकत्र शिकवितात. असे विद्यार्थी अधिक श्रेयांक व प्रमाणपत्रे मिळवितात, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. विद्यार्थ्यांची निवड यादृच्छिक नसल्याने हा निष्कर्ष जपून स्वीकारावा लागतो, आणि दोन शिक्षकांचा खर्चही दुर्लक्षिता येत नाही. तथापि १९१७ मध्ये उभी राहिलेली भिंत वर्गाच्या पातळीवर पाडता येते, एवढे त्यातून दिसते.

मराठी भाषाभ्यासकांना येथे स्वतःचे क्षेत्र दिसावे. सुतार गुण्या लावून कोन तपासतो, गवंडी ओळंबा सोडून भिंत पारखतो. पुस्तकात त्याच संकल्पना काटकोन आणि लंबरेषा या नावांनी येतात. व्याख्या आधी फळ्यावर लिहून मग उपयोग सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याचे ज्ञान शून्य धरतो. गुण्या हाती देऊन, तो कशासाठी व कसा लावतात हे विद्यार्थ्याकडून प्रथम बोलून घेणारा, ते बोलणे लिहवून घेणारा आणि शेवटी त्या अनुभवाला काटकोन हे नाव देणारा शिक्षक ज्ञाताकडून अज्ञाताकडे जातो. या क्रमात प्रेरणेसाठी वेगळा तास राखून ठेवावा लागत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कार्यशाळेची बोली, पाठ्यपुस्तकाची परिभाषा आणि परीक्षेची भाषा यांतील अंतर मोजणे हे भाषाविज्ञानाचे काम आहे. ते झाल्यावाचून व्यवसायशिक्षणातील विद्यार्थ्याला अनुत्साही ठरविणे म्हणजे पुरावा न तपासता निकाल देणे होय. आणि तो निकाल विद्यार्थ्याला जन्मभर वागवावा लागतो.