भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक : प्रचलित समजाची छाननी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्ट १९४७ पासून स्वतंत्र हिंदुस्थानचे विधिमंत्री होते. हिंदू संहितेचे विधेयक मागे पडले, इतरही मतभेद झाले, व सप्टेंबर १९५१ त त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९५२ त मुंबईस व १९५४ त भंडाऱ्यास लोकसभेच्या निवडणुकीत त्यांस अपयश आले. या दुसऱ्या प्रसंगाविषयी असा समज आढळतो की, गोंदिया जिल्ह्याने त्यांस नाकारले, ते तिसरे आले, आणि तेथेच त्यांचे राजकारण संपले. हा समज आम्हांस तिन्ही अंगांनी सदोष वाटतो.

पहिली गोष्ट, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून निराळा झाला. १९५४ त गोंदिया ही भंडारा जिल्ह्याची एक तहसील असून तो जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात मोडत असे. आजचे नाव मागे नेऊन साऱ्या मतदारसंघाचा निकाल त्याच्या माथी मारणे हा कालविपर्यास होय.

दुसरी गोष्ट, हा मतदारसंघ द्विसदस्य होता. त्यांपैकी एक जागा राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत, पण ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. तेव्हा एकास दिलेले मत म्हणजे दुसऱ्याचा अव्हेर, असे येथे म्हणता येत नाही. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ते काँग्रेसचे नव्हते. राखीव जागा मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांस मिळाली. १९५२ त मुंबईस मेहता व आंबेडकर दोघेही पडले होते. येथे एक तरला, एक पडला. हा भेद ‘तिसरा क्रमांक’ या दोन शब्दांत बुडून जातो. ही द्विसदस्य पद्धती पुढे १९६१ त रद्द झाली, म्हणून आजच्या वाचकास ती मुद्दाम सांगावी लागते.

तिसरी गोष्ट, ते १९५२ पासून राज्यसभेचे सभासद होते व ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत सभासदच राहिले. पराभव खरा, समाप्ती खरी नव्हे.

पराभव झाकावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु एका मुलुखावर पिढ्यानपिढ्या राहणारा दोष ठेवण्यापूर्वी गावोगावच्या मतदानाचा पुरावा पाहिला पाहिजे. गोंदियाकडील ज्या घरांत त्या वेळची प्रचारपत्रके किंवा मतदारयाद्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जपाव्यात, एवढीच आमची विनंती.