आपणच मांडलेली बाजू

यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढचे दोन खंड त्यांनी योजले होते. ते लिहून व्हायच्या आधीच १९८४ मध्ये ते गेले. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा हा माणूस, १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला तेव्हा देशाचा संरक्षणमंत्री होता. १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये आपण पहिला स्फोट केला तेव्हाही ते मंत्रिमंडळात होते आणि त्यानंतर पाचच महिन्यांत परराष्ट्रमंत्री झाले. जतमध्ये बसून अण्वस्त्रबंदीबद्दलच्या भारताच्या भूमिकेचा माग काढताना मला ती न लिहिलेली पाने सतत आठवत राहिली. ती नाहीत, म्हणून मी सरकारी निवेदनांकडे वळलो. हा विषय मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो. कथा-कादंबरीची समीक्षा करताना आपण वाक्य काय बोलते आणि काय गिळते हे पाहतो. ही कागदपत्रेही तशीच वाचली पाहिजेत, असे मला वाटते.

सुरुवात १९५४ ची. १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी इथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट शक्तीचा तो स्फोट होता. त्याची राख शेजारच्या बेटांवरच्या माणसांवर आणि एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. महिनाभरात, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली. तेव्हा आपल्याकडे बॉम्ब नव्हता. जे बोललो ते दुसऱ्यांच्या अंगावर पडलेल्या राखेबद्दल बोललो.

पुढच्या दशकात या भूमिकेत दुसरा सूर मिसळला. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या देशांना अण्वस्त्रधारी मानले आणि बाकीच्यांनी बॉम्ब बनवू नये असे ठरवले. त्यांनी स्वतःची अस्त्रे कधी मोडायची याला मात्र तारीख नव्हती. यातला अन्याय जतकराला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्याची तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे. ज्याने आधी उचलले त्याचा तो हक्क, आणि मागून येणाऱ्याने तेवढा संयम पाळायचा, हा न्याय आम्हाला ठाऊक आहे. भारताने त्या करारावर सही केली नाही, हे मला आजही योग्य वाटते.

पण समीक्षकाने इथे थांबायला हवे. ‘हे अस्त्र अमानुष आहे’ आणि ‘ही वाटणी विषम आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला एकच उत्तर आहे: सर्वांनी अस्त्रे मोडावीत. दुसऱ्याला दोन उत्तरे निघतात: सर्वांनी मोडावीत, किंवा आम्हालाही मिळावे. आपण दोन्ही विधाने एका दमात करत गेलो, आणि ऐकणाऱ्याला त्यांतला सांधा दिसला नाही. ९ जून १९८८ ला राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत तीन टप्प्यांत अण्वस्त्रे संपवण्याचा आराखडा मांडला. त्यातही, मोठ्यांनी अस्त्रे सोडावीत आणि उंबरठ्यावरच्या देशांनी तो ओलांडू नये, असा सौदा होता. उंबरठ्यावरच्या देशांत आपणही होतो. आराखडा उदात्त होता, पण स्वतःच्या बॉम्बची शक्यताच त्यात तारण ठेवलेली होती.

या सगळ्यात मला सर्वांत निर्मळ वाटलेला कागद १९९५ चा आहे. अण्वस्त्रांच्या वापराच्या कायदेशीरपणाबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवले गेले, तेव्हा भारताने लेखी निवेदन दिले. त्यात तारण नाही. समोरच्याने अण्वस्त्र वापरले, तरी प्रत्युत्तरादाखलही ते वापरणे बेकायदा ठरेल. दुसऱ्याला धाकात ठेवण्याची कल्पनाच माणुसकीला घृणास्पद आहे, असे त्यात म्हटले आहे. ८ जुलै १९९६ ला न्यायालयाने वापर सर्वसाधारणपणे बेकायदा मानला. देशाच्या अस्तित्वावर बेतल्यास काय, या प्रश्नावर मात्र ते निर्णायक उत्तर देऊ शकले नाही. पण निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करून त्या तडीस नेणे हे बंधन आहे, यावर सर्व न्यायाधीशांचे एकमत झाले.

मग मे १९९८ आला. आणि ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेल्या आपल्या अण्वस्त्रधोरणात, अण्वस्त्रहल्ल्याला दिले जाणारे प्रत्युत्तर प्रचंड असेल, असे शब्द आले. प्रत्युत्तर हाच शब्द आठ वर्षांत गुन्ह्याच्या बाजूने धोरणाच्या बाजूला गेला. चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना सरकारला पर्याय नव्हता, असे म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. आपण प्रथम वापर न करण्याचे वचन दिले, हेही खरे. पण शेजारी १९९५ मध्येही तेच होते.

२०१४ मध्ये ज्या देशाने भारताला त्याच न्यायालयात खेचले, त्याचे नाव वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. मार्शल बेटे. १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या सोसलेला, बॉम्ब नसलेला चिमुकला देश. १९९६ च्या त्या एकमताच्या आधारावर, वाटाघाटींचे बंधन पाळा, एवढीच त्याची मागणी होती. ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयाने, दोन देशांत तसा वादच नव्हता म्हणून आपल्याला अधिकार नाही, असे ९ विरुद्ध ७ मतांनी ठरवले. आपण खटला जिंकलो. पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला. आपण त्या वाटाघाटींना गेलो नाही.

ज्याच्याकडे बॉम्ब नाही त्याची बाजू दुबळी असते, असे म्हणतात. मला उलट दिसते. १९५४ मध्ये आणि १९९५ मध्ये आपल्या वाक्यांत जो सरळपणा होता, तो हाती काही राखून न ठेवल्यामुळे होता. ती बाजू आता बेटांनी आणि इतर लहान देशांनी उचलली आहे. आपले निवेदन मात्र हेगच्या दप्तरात अजून आहे, आपल्याच नावाने.